कुणी हात लावायचा नाही

उजी गोलपोस्टवर आदळली तेव्हा माझ्या तोंडात भडंगाचा घास होता. पायरीवर नारळ फुटावा तसा आवाज झाला. सगळं मैदान ओरडत होतं, तरी तो मला ऐकू आला. घास तसाच गालात राहिला.

"अडवला! अडवला!" माझा दिनकर हलगीवर काडी आपटत नाचत होता. "आई, बघितलंस का? पोरीनं बॉल अडवला!"

अडवला होता खरा. बॉल लाईनीबाहेर उसात गेला होता. पण पोरगी उठली नव्हती.

"दिन्या, हलगी बंद कर."

"आगं, कॉर्नर झाला नुसता. गोल न्हाई झाला."

"बंद कर म्हणते ना, मुडद्या!"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गोलपोस्टकडं बघितलं, आणि काडी त्याच्या हातातून पडली.

उजी म्हणजे दिनकरची थोरली, माझी नात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि पोरींच्या संघाची गोलकीपर होती. आमच्या कोल्हापुरात, आमच्या पेठेत, पोरगं चालायला लागायच्या आधी फुटबॉलमागं रांगतं. पोरगी धावली की मात्र लोकांच्या पोटात दुखतं. दुखू दे म्हटलं. त्या वर्षी विद्यापीठाच्या मॅचेस दर शनिवारी वेगळ्या कॉलेजात होत्या. दिनकरचा टेम्पो होता. पोरी पुढं, पेठेतली चार टाळकी मागं, हलगी, भडंगाचा डबा, आणि सगळ्यांच्या आधी माझं स्टूल. प्रत्येक कॉलेजची तऱ्हा वेगळी. एका ठिकाणी आंब्याच्या झाडांवर बसून पोरं आमच्या पोरींना शिट्ट्या मारायची. मी खाली उभी राहून एकेकाच्या आईची चौकशी केली, तशी गप्प झाली. एका ठिकाणी मैदानच उतरतं होतं, बॉल आपणहून गोलाकडं जायचा. एका ठिकाणी प्राचार्यांनी स्वतः येऊन आम्हाला चहा पाजला. असं फिरायची मला हौस होती. नावच माझं हौसाबाई.

आणि मान होता. मी गणू वस्तादांची लेक. वस्ताद म्हणजे तालमीत पैलवान घडवणारा माणूस. पण माझ्या बापाचं, आबांचं, खरं नाव हाडं बसवण्यात. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, मोडलेलं बोट, लांबलांबनं माणसं यायची. ती विद्या माझ्या हातात आली. मी लाईनीशेजारी स्टूल टाकून बसायची, तेलाची बाटली आणि हळदीच्या पट्ट्या घेऊन. समोरच्या संघाच्या पोरीसुद्धा लंगडत माझ्याकडं यायच्या. त्यांची टीचर बघत राहायची.

आमच्या संघाबरोबर निकम मॅडम असायच्या. सांगलीच्या, वय अठ्ठावीस, खेळाच्या शिक्षिका, बर्फाचा डबा घेऊन फिरायच्या. "आक्का, सुजलेल्या जागेवर चोळू नका, बर्फ लावा," म्हणायच्या. मी म्हणायची, "मॅडम, बर्फ माशाला लावतात, माणसाला न्हाई." पोरी हसायच्या. मॅडम पण हसायच्या, पण माझ्याशी वाद घालायचं सोडायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. दर शनिवारी, उजी दुसऱ्या पोरीच्या पायांत डोकं घालून झेप घ्यायची तेव्हा, माझी जीभ कोरडी पडायची. मी तोंडात भडंग कोंबत राहायची ती त्यासाठी. वस्तादाच्या घरात भीती बोलून दाखवत नाहीत.

तर त्या दिवशी आम्ही वारणेच्या बाजूला एका कॉलेजात होतो. मैदानाच्या तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला नवी इमारत. फळ्यावर एक-एक लिहिलेलं. जिंकलं तर फायनल.

मी पळाले. साठीला दोन वर्षं कमी होती, गुडघे कुरकुरत होते, तरी पळाले. उजी पोस्टच्या बुडाशी उताणी पडली होती. डोळे उघडे. हसत होती.

"आज्जी, बघितलंस? बोटाच्या टोकानं काढला."

माझ्या जिवात जीव आला. "बघितलं. शहाणी आहेस. आता ऊठ."

"उठायचंच आहे. मान अवघडलीय जरा. डोकं बडवलं पोस्टवर. तू बसव की पटकन. कॉर्नर घेतील आता त्या."

"बसवते. कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाई गं फार." तिनं मान न हलवता माझ्याकडं नजर वळवली. "पायाला मुंग्या आल्यात नुसत्या."

मी तिच्या खांद्याकडं हात नेत होते. तो तिथंच थांबला.

ऊन होतं, बाराचं ऊन, आणि माझ्या दातांवर दात वाजायला लागले. मी जबडा आवळला. कुणाला दिसू नये म्हणून हात पदराखाली घेतले. तोपर्यंत भोवती माणसांचं कडं पडलं होतं. आमच्या पोरी, त्यांच्या पोरी, हलगीवाले, उसातनं बॉल आणायला गेलेले, सगळे. फेटेवाला एक म्हातारा पुढं आला, त्याच कॉलेजच्या गावचा.

"सरका रं, हवा येऊ द्या! गणू वस्तादांच्या लेक हायत ह्या. माझा खांदा त्यांच्या वडलांनी बसवलाय. एका झटक्यात पोरगी उभी करत्यात बघा."

"कुणी हात लावायचा नाही!" निकम मॅडम माणसं ढकलत आत आल्या. गुडघ्यांवर बसल्या. "उजी, डोकं हलवू नकोस. अजिबात. कुणी हात लावायचा नाही तिला. आक्का, तुम्ही पण नाही."

"मॅडम, तुमचा बर्फ ठेवा तिकडं," मागून कोणतरी म्हणालं, आणि चार माणसं हसली.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या भांडणाची तयारी करून बसल्या होत्या. सगळे माझ्याकडंच बघत होते. उजी सुद्धा.

"मला जमत न्हाई," मी म्हटलं.

दिनकर माझ्या शेजारी उभा होता. त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालीस?"

"मला जमत न्हाई म्हटलं. मॅडम सांगत्यात तसं करा."

आयुष्यात ते वाक्य मी कधी बोलले नव्हते. पेठेत नाही, घरात नाही, नवऱ्यासमोर तर नाहीच.

म्हातारा म्हणाला, "आक्का, आमच्या मैदानात लागलं म्हणून रुसलाय का?"

"बाबा, रुसायला मी तुमची सून न्हवं. गप उभं राहा."

"आई, हे काय चालवलंयस?" दिनकरचा आवाज चढला. "हजार माणसांची हाडं बसवलीस. आपल्या पोरीची वेळ आली तर जमत न्हाई? रेफरी थांबलाय. आणि ही अशी पडलीय!"

"दवाखान्यात न्यायची."

"दवाखाना बावीस किलोमीटर हाय! तंवर पोरगी तळमळत ठेवू?" त्यानं बाह्या सारल्या. "तुला जमत नसंल तर सरक. आज्जाचं रक्त माझ्या पण अंगात हाय."

त्याला खांदे जमायचे, मीच शिकवले होते. तो उजीच्या डोक्याशी बसला. मॅडमनी त्याचं मनगट धरलं, तर त्याच्या मित्रांनी मॅडमना बाजूला ओढलं. "मॅडम, घरचा मामला हाय," म्हणाले. दिनकरनं एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यामागं. अंगठा कानामागच्या खळग्यात बसला. बरोबर तिथं. मी त्याला ती जागा कधी दाखवली नव्हती. लहानपणी आज्जाच्या मांडीशी बसून बघितली असेल.

उजीनं डोळे मिटले. "बाबा, हळू हं."

मी त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला. आणि उचललेला तसाच ठेवला. मारला असता तर हिसका उजीच्या मानेला बसला असता. ओढला असता तरी तेच. तिची मान त्याच्या दोन हातांत होती, आणि माझ्याकडं जिभेशिवाय काही नव्हतं. जन्मभर ती मी लोकांना टोचायला वापरली. त्या घटकेला ती टाळ्याला चिकटली होती.

"दिनकर," मी म्हटलं. हळूच म्हटलं. "तुझा मामा कुस्तीत मेला न्हाई."

"आता मामा कुठनं आला मधी?"

"ऐक. हात हलवू नको, नुसतं ऐक. यशवंता कुस्तीत पडला. डोक्यावर पडला. घरी चालत आला. मान अवघडली म्हणाला. पायाला मुंग्या आल्यात म्हणाला. हसत होता. अस्साच."

दिनकरचे हात थांबले.

"तुझ्या आज्जानं त्याला खाली निजवला. मान धरली. आत्ता तू धरलीयस तशी. अंगठा तिथंच. आणि फिरवली."

रेफरीची शिट्टी त्याच्या तोंडातच होती.

"मग?" दिनकरनं विचारलं.

"मग नऊ दिवस जगला. मानेखाली त्याचं काही उरलं नव्हतं. आबांनी सगळ्यांना सांगितलं, कुस्तीत गेला. आईनं तेच सांगितलं. मीही तेच सांगितलं. तुला, हिला, पेठेला."

"आज्जानं?"

"व्हय. गणू वस्तादांनी. पोटच्या पोराला. आता तिची मान खाली ठेव. झटक्यानं न्हाई. तान्हं पोर पाळण्यात ठेवतोस तसं."

त्याचे हात थरथरायला लागले. तेच भयंकर होतं. हात थरथरत होते आणि त्या हातांत तिचं डोकं होतं. मॅडम मातीत पालथ्या पडल्या, त्याच्या हातांखाली स्वतःचे हात सरकवले, दोन्ही कोपरं जमिनीला टेकवली. "सोडा," म्हणाल्या. "मी धरलंय. एकेक बोट सोडा."

त्यानं सोडलं. सोडून तो तसाच बसला, हात पुढं धरून, जणू ते त्याचे नव्हतेच.

उजीनं डोळे उघडले. आता ती हसत नव्हती. "आज्जी, मी मरणार हाय का?"

"गप गं, फाजील. मरायला काय झालंय." मी म्हटलं.

मॅडमना सपाट काहीतरी हवं होतं. त्या कॉलेजच्या पोरांनी गोलसंख्येचा फळा खिळ्यांसकट उपटून आणला. त्यांच्या दोन पोरी आणि आमच्या चार, मॅडमनी तीन म्हटलं की एकदम उचलायचं, असं करून उजीला फळ्यावर घेतली. तिच्या पाठीखाली खडूचा एक-एक पुसला गेला. फेटेवाल्या म्हाताऱ्यानं फेटा सोडून तिचं कपाळ फळ्याला बांधायला दिला. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. इतक्या माणसांत माझ्या बापाचं नाव मी स्वतःच्या तोंडानं मातीत घातलं होतं. त्याचं त्या वेळी काही वाटलं नाही. वाटायला जागाच नव्हती.

टेम्पो निघाला. साखर कारखान्याचा रस्ता, ट्रॅक्टरनं खणून ठेवलेला. दिनकर बैलगाडीच्या चालीनं चालवत होता. मागं हौद्यात मॅडम ओणव्या होऊन डोकं धरून होत्या, पोरी दोन्ही अंगांना होत्या. मी पायांकडं होते, पण पायांना हात लावला नव्हता. फळ्याचं टोक धरून बसले होते.

पहिल्या वळणावर उजीचे पाय घसरले.

"आक्का, पाय धरा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पाय सोडून काय पण सांगा."

"दुसरं कुणी नाही तिथं. कंबर फिरली की मान फिरेल. धरा!"

यशवंताचे पाय मीच धरले होते. आबा म्हणाले होते, "हौसा, घट्ट धर, हलू देऊ नको." पैलवानाचे पाय, माझ्या दोन्ही हातांत एक पोटरी मावत नव्हती. मी त्यांवर पालथी पडून ते छातीशी आवळले होते. आबांनी मान फिरवली. कट्ट झालं. आणि माझ्या मिठीतले ते पाय गेले. यशवंता ओरडत होता, पण पाय आधीच गेले होते. ओल्या धोतराच्या पिळ्यासारखे झाले.

मी उजीचे घोटे धरले. गार होते. मोज्यांतून काही कळत नव्हतं. बावीस किलोमीटर मी त्याच एका गोष्टीची वाट बघत बसले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता. आता गेले. पुलावर एक दणका बसला आणि मी ओरडले. मॅडम म्हणाल्या, "आक्का, काय झालं?" मी म्हटलं, "काही न्हाई, जीभ चावली." चावलीही होती. रक्ताची चव येत होती.

तालुक्याच्या दवाखान्यानं पट्टा बांधून मिरजेला पाठवलं. तिथं फोटो काढले. डॉक्टर तरुण होता, चष्म्यातनं सगळ्यांकडं एकदमच रागानं बघायचा. मानेच्या हाडाला चीर आहे म्हणाला. हाड जागेवरनं सरकलेलं नाही. आत सूज आहे. सूज उतरली तर उतरली. त्यानं तिच्या तळपायाला टाचणी टोचली. उजव्या पायाला "कळतंय" म्हणाली. डाव्याला म्हणाली, "टोचा की."

टोचून झालं होतं.

"मानेला कुणी हात लावला होता?" डॉक्टरनं विचारलं.

"मी," दिनकर म्हणाला.

"फिरवली?"

"न्हाई."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

तीन दिवस गेले. उजीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, वरनं पट्टा, नजर छताला. तिला तिथला पंखा तेवढा दिसायचा. रोज सकाळी टाचणी, रोज डाव्या पायाचं तेच उत्तर. त्या तीन दिवसांत दिनकर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. डबा आणायचा, ठेवायचा, बाहेर जाऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आत आला आणि खाटेच्या पलीकडं उभा राहिला. उजीचा डोळा लागला होता.

"तू मानेची माणसं परत पाठवायचीस," तो म्हणाला. "आज अमावस्या हाय, आज वार न्हाई, म्हणायचीस. आम्हाला वाटायचं, तुझं काही शास्त्र हाय."

"शास्त्र कसलं. भ्यायची मी."

"ती माणसं दुसऱ्याकडं जायची."

"जायची."

"त्यांना कधी सांगितलंस?"

नाही सांगितलं. बापाचं नाव राखलं. कुणाकुणाचं काय झालं, ते मी विचारायलाही गेले नाही. कडगावचा एक शिंपी होता, तरणा, बायको पोटुशी. तो परत कधी दिसला नाही. त्याचं तोंड मला त्या तीन दिवसांत किती वेळा आठवलं, माझं मला ठाऊक.

"मी मारली असती तिला, आई. माझ्या हातानं. तुला सांगायला पन्नास वर्षं पुरली न्हाईत?"

"न्हाई पुरली."

"का?"

"पाय मी धरले होते त्याचे."

त्याला कळलं नाही.

"आबांनी धरायला सांगितले. मी घट्ट धरले. लई घट्ट. मला वाटायचं, मी धरले म्हणूनच गेले ते. आबांच्या हातानं न्हाई, माझ्या. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मीच मारला म्हणून. कुणी विचारलंच न्हाई."

दिनकरनं विचारलं, "केवढी होतीस तू?"

"नऊ."

तो खाटेला वळसा घालून माझ्या बाजूला आला. माझ्या शेजारी, खाली फरशीवर, मांडी घालून बसला. चाळीस वर्षांचा बाप्या, गुडघ्यात तोंड घातलं त्यानं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला तसलं येत नाही. मी उठले आणि खाटेच्या पायथ्याशी गेले.

टेम्पोतनं उतरल्यापासून तिच्या पायांना मी हात लावला नव्हता. पांघरूण वर केलं. डावा पाय दोन्ही हातांत घेतला. टाच तळहातावर, बोटं वरनं. धरला तो घट्टच धरला गेला. मी देवाला काही मागितलं नाही. मागायची भीती वाटत होती. नुसती धरून उभी राहिले.

"आज्जी," उजीचा आवाज आला. झोपेतला, चिडका. नजर वर पंख्याला. "नखं काप की गं तुझी. टोचतायत."

दिनकरनं डोकं वर केलं.

मी म्हटलं, "कुठल्या पायाला?"

"डाव्या."

"नीट सांग. मेले, नीट सांग. कुठल्या?"

"डाव्या, डाव्या! सोड की, किती जोरात धरतीयस!"

मी सोडला नाही.